ठिपके आणि रेषा

ठिपक्यांच्या रांगोळीत नुसत्या ठिपक्यांना अर्थ नसतो. कोणता ठिपका कोणाला जोडायचा, हे कळले की चित्र उमटते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे याच रीतीने सोडविले. जमिनीचे तुकडे म्हणजे ठिपके आणि पूल म्हणजे रेषा! त्यातून वाढलेल्या शास्त्राला आज जालविश्लेषण म्हणतात. अपघात समजून घ्यायलाही ते कामी येते.

४ एप्रिल २०२५ रोजी हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या मजूर स्त्रिया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून शेजारच्या नांदेड जिल्ह्यात शेतकामाला निघाल्या होत्या. आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. सातजणी दगावल्या.

अशी बातमी वाचली की आपण हळहळतो आणि म्हणतो, "ड्रायव्हरचीच चूक!" मला हे उत्तर अपुरे वाटते. ड्रायव्हर हा एक ठिपका झाला. एक कागद घ्या आणि अशा अपघातांतले बाकीचे ठिपकेही मांडा. गावात रोजगार नाही, म्हणून परगावी जाणे. शेताच्या बांधापर्यंत एस.टी. जात नाही, म्हणून ट्रॉली. सगळी टोळी एकाच फेरीत पोचवायची, म्हणून दाटी. पावसाने निसरडी झालेली वाट. वाटेलगत बिनकठड्याची विहीर.

आता रेषा ओढा. ड्रायव्हर बदलला तरी चित्र फारसे बदलत नाही. सर्वांत जास्त रेषा येऊन मिळतात त्या ट्रॉलीपाशी. ती माल वाहण्यासाठी बनलेली; माणसे नेण्याची तिला परवानगीच नाही. आणि शेवटची रेषा जाते विहिरीच्या काठावरून. तिथे भक्कम कठडा असेल, तर मागच्या साऱ्या चुका होऊनही निभावण्याची आशा राहते.

हे खेड्यापुरतेच आहे असे शहरातल्या वाचकांनी समजू नये. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. दोन रेल्वेमार्गांची गर्दी त्या एका अरुंद पुलावर एकवटत होती. तेव्हा कोणी पावसाला बोल लावला, कोणी अफवेला. पण रेषा मिळत होत्या त्या पुलापाशीच. पुढे २०१८ मध्ये लष्कराने तेथे नवा पूल उभारून दिला.

तसा पूल बांधायला लष्कर लागले. विहिरीच्या कठड्याला मात्र गावचा गवंडी पुरतो. मजूर नेणाऱ्या वाटांवरच्या उघड्या विहिरी आधी मोजाव्यात आणि पुढच्या हळदकाढणीपूर्वी तेवढे कठडे उभे करावेत.