काटकसर कोणी करायची, बचत कोणाच्या हाती?

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्याची, विशेषतः परंडा आणि भूम तालुक्यांची, जी दशा केली ती आपल्या वाचकांना सांगावयास नको. काढणीला आलेले सोयाबीन शेतातच कुजले, कित्येक ठिकाणी पिकाखालची मातीसुद्धा वाहून गेली आणि गोठ्यातील जनावरे दावणीलाच दगावली. पंचनामे झाले, मदतीच्या घोषणा झाल्या. मात्र अशा प्रत्येक आपत्तीनंतर सुखवस्तू मंडळींच्या बैठकीत जो एक सूर उमटतो, तो याही वेळी उमटल्याशिवाय राहिला नाही. 'या लोकांना बचतीची सवयच नाही. हाती पैसा आला की लग्नात, जत्रेत, मोबाईलमध्ये उडवतात. चार पैसे गाठीला ठेवले असते तर ही वेळ आली नसती,' असा तो सूर आहे. हा आक्षेप ऐकून रागावण्यापेक्षा तो नीट तपासून पाहणे अधिक उपयोगाचे आहे. कारण आपल्यापैकी काही कार्यकर्त्यांच्या मनातही तो कळत-नकळत घर करून बसलेला आढळतो.

पहिली गोष्ट म्हणजे हा आक्षेप नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील कर्जखते हस्तगत करून जाळली आणि तो उठाव पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. तेव्हाही कुणब्याच्या कर्जाचे कारण म्हणून त्याच्या लग्नकार्यातील उधळपट्टीकडे बोट दाखवण्यात येत होते. इंग्रज सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. शेतकऱ्याचा कैवार घेण्याचे त्या आयोगाला काहीच कारण नव्हते. तरीही लग्न-सणांवरील खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असाच निष्कर्ष त्याला काढावा लागला. त्या गोष्टीला दीडशे वर्षे झाली. आयोगाचा अहवाल विस्मृतीत गेला आणि उपदेश तेवढा शिल्लक राहिला.

बालाघाटच्या डोंगररांगेतील कोणत्याही अल्पभूधारक कुटुंबाचा संसार पाहिला तर तेथे काटकसर शिकवण्यासारखे काही उरलेले नाही हे दिसते. जुन्या लुगड्यांची वाकळ होते, शिळ्या भाकरीचा काला होतो, एका पोराची पुस्तके धाकट्याकडे जातात, पाण्याचा एक हंडा तीन कामांना पुरवला जातो. ही काटकसर कोणी निवडलेली नाही. ती परिस्थितीने लादलेली आहे. तिच्यापुढे बचतीचे प्रवचन करणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे.

आणि तरीही हा माणूस बचत करतोच. ती आपल्याला दिसत नाही, कारण ती पासबुकात नसते. या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी हे तिचे उत्तम उदाहरण होय. काळ्या रंगाची, दुष्काळ सोसणारी, बहुधा जुळी करडे देणारी ही शेळी भूमिहीन बाईची ठेव असते. पोराची फी, दवाखाना, लेकीचे बाळंतपण अशा प्रसंगी एखादे बोकड बाजारात जाते. ज्या बाईजवळ शेळी विकत घेण्यापुरतेही पैसे नाहीत ती दुसऱ्याची शेळी अर्धलीने सांभाळते आणि करडांच्या वाट्यातून आपली ठेव उभी करते. बँकेतील मुदत ठेवीपेक्षा ही ठेव सांभाळणे कितीतरी कष्टाचे आहे. परंतु ओढ्याला पूर आला की ती एका रात्रीत नाहीशी होते. आपत्ती निवारणाच्या शासकीय निकषाप्रमाणे दगावलेल्या एका शेळीमागे चार हजार रुपये मदत ठरलेली आहे. एवढ्या रकमेत चांगली व्यालेली शेळी कोणत्या आठवडी बाजारात मिळते, हे निकष ठरवणाऱ्यांनी एकदा सांगावे. बँकेत ठेवलेल्या पैशाला विमा आहे. दावणीला बांधलेल्या पैशाला मात्र तो नावापुरताच आहे.

जुन्या काळी या भागात बचतीचे मुख्य रूप धान्य हे होते. रब्बीची ज्वारी पेवात किंवा कणगीत ठेवली जाई. एक वर्ष पावसाने दगा दिला तरी मागल्या वर्षीचे धान्य घर तारून नेई. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण पेव ज्याच्या वाड्यात असे त्याच्याच मर्जीवर गाव जगत असे. परंतु गेल्या तीन दशकांत ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि बचतीचे स्वरूपच पालटले. सोयाबीन घरात साठवून खाता येत नाही. ते विकावेच लागते, आणि देणेकरी दारात उभे असल्याने पडेल त्या भावाने विकावे लागते. २०२४-२५ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर केला होता. बाजारात बहुसंख्य शेतकऱ्यांच्या पदरात त्याहून कमीच पडले. ही तूट शेतकऱ्याच्या उधळपट्टीतून आलेली नाही. त्याच्या संभाव्य बचतीचा तो भाग घरी येण्यापूर्वीच बाजारात कापून घेतला गेला. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

भूम, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट तर याहून कठीण. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि नवराबायकोच्या एका कोयत्याने पुढचे पाच-सहा महिने ती फेडायची, हा त्यांच्या जीवनाचा क्रम आहे. बचत म्हणजे आजच्या श्रमाचा काही भाग उद्यासाठी राखणे. उचलीत नेमके उलटे घडते. उद्याचे श्रम आजच विकले जातात. ज्यांचे येणारे वर्षच गहाण पडलेले आहे त्यांनी आज काय राखावे?

काटकसर ही स्वतःपुरती पाहिली तर सद्गुण ठरतेच असे नाही, हे या जिल्ह्याला इतिहासाने विशेष रीतीने शिकवले आहे. २०२३ पर्यंत हा जिल्हा ज्याच्या नावाने ओळखला जात होता तो हैदराबादचा शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान आपल्या काळातील अत्यंत काटकसरी माणसांपैकी एक होता. त्याची जुनी टोपी, साधा पोशाख आणि हात आखडून खर्च करण्याची रीत यांच्या कथा त्याच्या हयातीतच सर्वत्र पसरल्या होत्या. त्याच वेळी, १९३७ साली, 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकाने त्याला जगातील सर्वांत श्रीमंत पुरुष म्हणून मुखपृष्ठावर झळकवले. 'सर्फ-ए-खास' या नावाची त्याची खाजगी जमीन राज्यभर पसरलेली होती. त्याची रयत काटकसर करी ती पोटासाठी आणि राजा काटकसर करी ती तिजोरीसाठी. सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद भारतात विलीन होण्याच्या सुमारास, त्याच्या राज्याचे सुमारे दहा लाख पौंड लंडनमधील एका बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यावर वळवले गेले. ते प्रकरण न्यायालयात अडकले आणि २०१९ साली निकाल भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूने लागला तेव्हा ती रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. सत्तर वर्षे कोणी त्या पैशाला हात लावला नाही, कोणी त्यासाठी घाम गाळला नाही, तरी तो वाढत राहिला. परंड्याच्या बाईची शेळी मात्र रोज रानात नेल्याशिवाय वाढत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण गाडगेबाबांचे आहे. अंगावर चिंध्या, खायला मडक्याचा तुकडा आणि रात्री कीर्तनात कर्ज काढून सण-तेरव्या करू नका, पोरांना शिकवा, हा उपदेश. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या; स्वतःसाठी अथवा कुटुंबासाठी त्यांनी त्यातले काही ठेवले नाही. निजाम आणि गाडगेबाबा या दोघांनीही स्वतःवर कमी खर्च केला. फरक एवढाच की वाचलेला पैसा कोठून आला आणि कोठे गेला. काटकसरीचे नैतिक मोल ठरवताना हे दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत.

एकट्याची बचत दुबळी असते आणि एकत्र आलेली बचत सामर्थ्य बनते, हे कष्टकऱ्यांनी फार पूर्वी ओळखले. इंग्लंडमधील रॉशडेल येथे १८४४ साली अठ्ठावीस कामगारांनी पेनी-पेनी जमवून अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर सहकारी दुकान काढले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना आणली. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवला गेला आणि २६ जानेवारी १९७९ पासून कामाचा हक्क कायद्याने अंमलात आला. सबंध समाजाने केलेली ती बचतच होती. शहराने थोडे बाजूला काढले आणि खेड्यातील मजुराला खडी फोडून का होईना, मानाने भाकरी मिळाली.

आपल्या जिल्ह्यानेही हा अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे जमीनदोस्त केली. पुनर्वसनाच्या कामात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया संवाद सहायक म्हणून पुढे आल्या आणि त्या कामातूनच पुढे बचत गटांचे जाळे वाढले. नाबार्डने १९९२ मध्ये बँकांशी गट जोडण्याचा प्रयोग सुरू केलेलाच होता. दर महिन्याला ठराविक रक्कम टाकणाऱ्या या स्त्रियांनी बुडवेपणाचा आरोप खोटा ठरवला. पूर्वी जिला बँकेच्या दारात उभे राहण्याचा संकोच वाटे ती सहीचा अधिकार असलेली अध्यक्ष झाली.

आज धोका येथेच आहे. ज्या गटांनी सावकाराला दूर सारले त्यांच्याच दारी सूक्ष्म वित्त कंपन्यांचे वसुली करणारे दर आठवड्याला उभे राहू लागले आहेत. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज, दुसरीसाठी तिसरीचे, आणि एकीचा हप्ता चुकला की साऱ्या गटाने तिच्या दारात बसायचे, ही वसुलीची रीत आहे. शेजारणींच्या परस्पर विश्वासावर गट उभा राहिला. तोच विश्वास आता तारण म्हणून वापरला जात आहे. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात याच वाटेने आत्महत्यांपर्यंत मजल गेली होती. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून अशा कर्जांचे हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा अधिक नसावेत असा नियम केला; मात्र त्याच वेळी व्याजदरावरील मर्यादा काढून घेतली.

बँकांची वागणूकही तपासण्यासारखी आहे. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते गरिबाच्या ठेवीला आसरा आणि गरिबाच्या धंद्याला कर्ज मिळावे म्हणून. २०१९-२० पासूनच्या पाच वर्षांत सरकारी बँकांनी खात्यात किमान शिल्लक नसल्याच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केल्याची माहिती संसदेत दिली गेली. पुढे त्यांपैकी काहींनी हा दंड बंद केला हे चांगले झाले. परंतु थोडी बचत करणाऱ्याला थोडेपणाबद्दल दंड ठोठावण्याची कल्पना सार्वजनिक बँकांना सुचलीच कशी? सहकारी बँकांतील ठेवीदारांची चिंता वेगळीच. जानेवारी २०२१ मध्ये उस्मानाबादच्या वसंतदादा नागरी सहकारी बँकेचा परवाना रद्द झाला. ठेव विम्याची मर्यादा २०२० मध्ये पाच लाखांपर्यंत वाढवली गेल्याने नव्याण्णव टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. या मर्यादेचे मोल कमी नाही. मात्र रक्कम परत मिळणे आणि गरजेच्या दिवशी मिळणे यांत फार अंतर असते. दवाखान्यासाठी राखलेला पैसा दवाखाना झाल्यावर मिळून काय उपयोग?

तेव्हा आपण काटकसरीचा उपदेश करायचा नाही, असा याचा अर्थ नव्हे. निवडलेला साधेपणा हे आपल्या चळवळीचे भूषण होते आणि असले पाहिजे. मात्र त्याची सुरुवात वरून व्हावी. जो पुढारी मुलाच्या लग्नात हजारोंच्या पंगती उठवतो तो गावातील मध्यम शेतकऱ्यावर तोच खर्च लादत असतो, कारण प्रतिष्ठेचे माप तो ठरवतो. आपल्या कार्यकर्त्यांनी आपल्या घरची कार्ये साधेपणाने करावीत आणि सत्कार, हार, फलक यांवरचा खर्च थांबवावा. त्यानंतरच इतरांना चार शब्द सांगण्याचा अधिकार आपल्याला राहील.

येत्या काळात जिल्ह्यातील प्रत्येक शाखेने पुढील कामे हाती घ्यावीत अशी आमची सूचना आहे. गावातील बचत गटांचे हिशेब वर्षातून एकदा साऱ्या सदस्यांसमोर मोठ्याने वाचले जातील, हे पाहावे. कोणत्या बाईवर किती कंपन्यांचे हप्ते आहेत, व्याज किती लावले आहे, निम्म्या उत्पन्नाची मर्यादा पाळली जाते काय, याची नोंद करून ती बँक अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. शेळ्यांचा विमा गटामार्फत उतरवला जावा आणि मदतीचे निकष बाजारभावाशी जोडले जावेत म्हणून तहसील कचेरीवर निवेदने न्यावीत. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांना हंगामापूर्वी उचलीऐवजी रास्त व्याजाचे कर्ज मिळावे म्हणून गट आणि सरकारी बँका यांची गाठ घालून द्यावी. सरकारी कामांवरील मजुरी रखडली तर ती मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नये, कारण उशिरा मिळालेल्या मजुरीचे व्याज मजूरच सावकाराला भरत असतो.

ही कामे लहान आहेत, वृत्तपत्रांत त्यांना जागा मिळणार नाही. परंतु कष्टकऱ्याच्या घामातून वाचलेला रुपया त्याच्याच हाती, त्याच्या गरजेच्या दिवशी, सुरक्षित राहावा, ही मागणी आर्थिक लोकशाहीच्या मुळाशी आहे. धाराशिवच्या स्त्रियांनी बचत करून आपले काम केव्हाच केलेले आहे. त्या बचतीची राखण करण्याचे काम आता आपले आहे.