लातूर पॅटर्नच्या बाहेरची लेकरे

लातूर पॅटर्नचा गवगवा सबंध महाराष्ट्रात झाला. नांदेडही आता वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांसाठी ओळखले जाते. गुणवंतांचे फोटो चौकाचौकात झळकतात. परंतु ज्या लेकराच्या बोटांत पेन्सिलच ठरत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे कोणता पॅटर्न आहे?

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना रोजची कामे आणि अभ्यास करता यावा, यासाठी ऑक्युपेशनल थेरपी म्हणजेच व्यवसायोपचार हे शास्त्र आहे. भारतातील त्याची पहिली शाळा कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात काढली. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या संस्थेने मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालय सुरू केले. मिलिंदमुळे इथल्या वस्तीतला मुलगा वकील, प्राध्यापक झाला. व्यवसायोपचार मात्र मुखेड, कंधार, जळकोटच्या वाड्यातांड्यांपर्यंत अजून धड पोहोचलेला नाही. लातुरात 'उमंग'सारखे केंद्र उभे राहिले, ही चांगली गोष्ट आहे. पण दर आठवड्याला रोजंदारी बुडवून एसटीने लातूर गाठणे मजूर बाईला परवडेल काय?

ही साधने काही आकाशातून आणायची नाहीत. पेन्सिलला बसवायची रबरी पकड, वहीखाली ठेवायचा उतरता पाट, ठळक व रुंद रेघांची वही, स्प्रिंगची कात्री, पाय जमिनीला टेकतील आणि पाठ ताठ राहील अशी खुर्ची. बोटांत बळ यावे म्हणून कणीक मळणे, मणी ओवणे, कपड्यांचे चिमटे लावणे. यातले बरेचसे गावातला सुतार आणि घरातली आई करू शकते. मात्र कोणत्या मुलाला काय लागते, हे तज्ज्ञाने त्या मुलाला तपासूनच ठरवावे लागते. शिबिरात सरसकट साहित्य वाटायचे, फोटो काढायचा आणि नंतर ते साहित्य शाळेच्या कपाटात धूळ खात पडायचे, याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम १७ प्रमाणे, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत पुस्तके, अध्ययन साहित्य व योग्य सहायक साधने मोफत देण्यासाठी शासनाने उपाययोजना करायची आहे. टक्केवारी कमी भरली म्हणून मूल वाऱ्यावर सोडता येत नाही. कलम १६ मधील गरजेनुरूप सोयीला ४० टक्क्यांची अट नाही. तशी अट घालता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात लेखनिकाच्या सोयीबाबत स्पष्ट केले. विशेष शिक्षकांची पदे निश्चित करा, असेही न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सर्व राज्यांना बजावले.

हा प्रश्न आता अधिकच निकडीचा आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये नियम बदलून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. फेरपरीक्षेतही नापास झालेले मूल त्याच वर्गात राहते. ज्याला उत्तर येते पण लिहिता येत नाही, त्याला साधन न देता नापास करणे हा कोणता न्याय? त्यातच आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला गेले की अशा लेकराची शाळाही सुटते आणि उपचारही सुटतो. मग 'याच्या डोक्यातच नाही' असा शिक्का बसतो. आपल्या समाजाने हा शिक्का पिढ्यान् पिढ्या सोसला आहे. तो दुसऱ्या कुणाच्या लेकरावर बसताना आपण गप्प कसे राहणार?

म्हणून पालकांनी तोंडी विनवण्या करीत बसू नये. मुख्याध्यापक व गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.   दाद मिळाली नाही तर जिल्हास्तरीय समिती आणि पुण्याचे दिव्यांग आयुक्त आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गट साधन केंद्रात ठरलेल्या वारी व्यवसायोपचार तज्ज्ञ बसलाच पाहिजे, ही मागणी कार्यकर्त्यांनी दोन्ही जिल्हा परिषदांपुढे लावून धरावी. बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, ते धडधाकट मुलांपुरते म्हटले नव्हते.