परळच्या भिंतींवर आपला इतिहास कोण लिहिणार?

शहराचा इतिहास वाचायचा असेल तर आधी त्याचे दगड वाचावेत. चौकाला नाव कुणाचे, पुतळा कुणाचा, भिंतीवर पाटी कुणाची, एवढे पाहिले की त्या शहरात शब्द कुणाचा चालत होता ते कळते. आमच्या समाजाला हे नव्याने सांगण्याची गरज नाही. एका दगडाने इतिहास कसा जागा होतो, हे भीमा कोरेगावने आम्हाला शिकविले आहे.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारने तो विजयस्तंभ उभारला तो स्वतःच्या गौरवासाठी. महारांचा गौरव करावा असे काही इंग्रजांच्या मनात नव्हते. परंतु पडलेल्या शिपायांची नावे कोरताना त्यांना 'नाक' प्रत्ययाची २२ नावेही कोरावी लागली. पुढे त्याच इंग्रजांनी १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांनी आणि शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज-विनंत्या केल्या. सरकारने कान बंद ठेवले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली महारांची पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. या सगळ्या काळात तो स्तंभ तिथेच उभा होता, पण मुका होता. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले आणि दगड बोलू लागला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बिल्ल्यावर तोच स्तंभ होता. ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले त्यांची नावे दगडावर होती, म्हणून ती पुसता आली नाहीत.

नाव न कोरण्याचे राजकारण जगभर चालते. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मारकांसाठी ब्रिटिश साम्राज्याने १९१७ साली आयोग नेमला. मेलेले सगळे समान, हे त्याचे तत्त्व. प्रत्यक्षात काय घडले? त्याच संस्थेच्या २०२१ च्या अहवालाने कबूल केले की किमान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांची नावे कुठेच लागली नाहीत. त्यात पूर्व आफ्रिका व इजिप्तची माणसे सर्वाधिक होती. हमाली करणारे, ओझी वाहणारे, काळे! समतेचे तत्त्व कागदावर आणि विषमता दगडावर, हे आम्हाला ओळखीचेच आहे.

आता मुंबईकडे वळू. ६ डिसेंबरला लाखो भीमसैनिक चैत्यभूमीवर येतात, राजगृहाला वंदन करतात. इंदू मिलच्या साडेबारा एकर जागेवरील स्मारकाचे भूमिपूजन २०१५ साली झाले. त्या जागेसाठी समाजाने संघर्ष केला आहे आणि ते भव्य व्हायलाच हवे. परंतु दादरहून एकच स्टेशन पुढे असलेल्या परळला किती जण उतरतात?

परळची बीआयटी चाळ. नंबर १, खोली ५० आणि ५१. १९१२ पासून १९३४ पर्यंत बाबासाहेबांचे बिऱ्हाड इथे होते. लंडन-न्यूयॉर्कहून परतले ते इथेच. महाडच्या तळ्यावर गेले, गोलमेज परिषदेला गेले, तेव्हाही घर हेच. माता रमाईने उपास काढत संसार रेटला तो इथेच. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, त्याची कचेरी परळच्याच पोयबावडीत. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेसाठी ९ मार्च १९२४ रोजी बैठक भरली ती दामोदर हॉलमध्ये. चळवळीचा पायाच या अर्ध्या-एक मैलात घातला गेला.

आणि गिरगाव? चर्नी रोडच्या बागेत पुस्तक घेऊन बसणाऱ्या भीमरावावर केळुस्कर गुरुजींची नजर पडली. १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हाती दिले. १९५६ च्या धम्मचक्र प्रवर्तनाचे बीज तिथे पडले. त्या बागेतून आज रोज हजारो माणसे जातात. त्यांना हे कोण सांगणार?

लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरच्या घरावर पाटी आहे. बाबासाहेब तिथे १९२१-२२ मध्ये राहिले. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले, त्याचा आम्हाला आनंदच आहे. आमचा प्रश्न साधा आहे. दोन वर्षांच्या मुक्कामाची एवढी कदर होते, तर बावीस वर्षांच्या बिऱ्हाडाच्या वाट्याला घोषणाच का?

प्रश्न केवळ बाबासाहेबांच्या वास्तूंचाही नाही. फ्लोरा फाउंटनला संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत, ती योग्यच आहेत. जानेवारी १९७४ मध्ये वरळीला पोलिसांच्या गोळीबारात रमेश देवरुखकर पडले. १० जानेवारीला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव गेले. त्यांची नावे आजच्या किती तरुणांना माहीत आहेत? ज्या गिरण्यांचे आता मॉल झाले, तिथे विणाई खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. गिरणगावाची थोरवी सांगताना हे पान गाळले, तर तो इतिहास अर्धाच राहील.

आता वेळ थोडा आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे आणि २०२५ साली वरळीत पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसाला ५०० चौरस फुटांचे घर मिळते, याला आमचा विरोध कसा असेल? ते त्याच्या हक्काचे आहे. परंतु चाळ पडते तेव्हा विटांबरोबर आठवणही ढिगाऱ्यात जाते. दादरचे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रेस जून २०१६ मध्ये रातोरात पाडले गेले, तो घाव अजून ताजा आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पुनर्विकासाच्या करारातच कलम हवे की चळवळीशी निगडित प्रत्येक जागेवर कायमचा शिलालेख लागेल. मराठीत, तारखेसह, नावांसह आणि काय घडले व का घडले हे सांगणारा. नुसते चौकाला नाव देऊन भागणार नाही. दगडावर 'थोर समाजसेवक' एवढेच कोरले, तर ज्यांच्याविरुद्ध लढा दिला ते सुटतात आणि लढाही पुसला जातो.

सरकार हे आपणहून करील, या भ्रमात राहू नये. विजयस्तंभ इंग्रजांनी बांधला. त्याला अर्थ बाबासाहेबांनी दिला. तेच काम आता आपल्याकडे आले आहे. प्रत्येक बुद्धविहाराने, प्रत्येक पंचायत शाखेने, प्रत्येक महिला मंडळाने आपल्या चाळीची वही करावी. सभा कुठे भरली, मोर्चा कुठून निघाला, लाठी कुणी खाल्ली, तुरुंगात कोण गेले, मोर्चेकऱ्यांसाठी भाकऱ्या कुणी भाजल्या, सगळे लिहावे. ज्यांना आठवते ते ऐंशीच्या घरात आहेत. १४ एप्रिलच्या वर्गणीतला एक दिवसाचा डीजेचा खर्च वाचविला, तर एक शिलालेख उभा राहतो.

दगड तयार आहे, नावेही आहेत. कोरायचे कुणी, एवढेच ठरायचे आहे. जयभीम!