जर्नलमधला ओहम, रूममधला ओहम

"ओहमचा नियम सांग." ओरलला हा प्रश्न आला की आपण मनातल्या मनात हुश्श करतो. व्ही बरोबर आय आर. मार्क खिशात!

पण गेल्या डिसेंबरात आमच्या विंगमध्ये भल्या पहाटे जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला, तेव्हा हा नियम एकालाही आठवला नाही. माझा रूम पार्टनर पाणी तापवायचा रॉड एक्स्टेंशन बोर्डाला लावून ब्रश करायला गेला होता. येऊन बघतो तर प्लगची एक पिन काळी पडलेली, सॉकेटचं भोक वितळलेलं, आणि बोर्डाला टेकलेली गादी! गादीने पेट घेतला नाही हे आमचं नशीब. सगळ्यांचा प्रश्न एकच: "एमसीबी कसा काय पडला नाही?"

चला, गणितच करू. रॉडवर छापलंय १५०० वॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे करंट साधारण ६.५ अँपिअर. रेझिस्टन्स २३० भागिले ६.५, सुमारे ३५ ओहम. इथपर्यंत जर्नल.

आता रूम. बोर्डाचं सॉकेट ६ अँपिअरचं. रॉडचा जाड पिनांचा प्लग कापून आम्हीच बारीक पिनांचा बसवलेला. सॉकेटमधली पितळी पट्टी वापरून वापरून सैल झालेली. तिथे समजा अर्धा ओहम वाढला. अर्धा ओहम म्हणजे किस झाड की पत्ती! पण पॉवर काढताना करंटचा वर्ग येतो. ६.५ चा वर्ग ४२, त्याचे निम्मे २१ वॅट. आपल्या लॅबमधली सोल्डरिंग आयर्न २५ वॅटची असते. म्हणजे प्लगच्या पोटात जवळपास एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून आपण ब्रश करायला जातो. त्याच बोर्डावर शेजाऱ्याचाही रॉड लावला, तर करंट जवळजवळ दुप्पट आणि सैल वायरीच्या जोडावरची उष्णता चौपट, ८० वॅटच्या घरात.

आणि एमसीबी? तो बघतो करंट. अर्ध्या ओहमने करंट वाढला नाही, उलट किंचित कमीच झाला. मग तो बिचारा पडेल कशाला?

दरवर्षी थंडीत रेड पडते, रॉड जप्त होतात, दंड होतो. रेक्टर सरांचं चुकतं असं नाही. पण सकाळी बर्फासारखं पाणी असलं की आठवड्यात नवा रॉड येतोच. आणि खरा गुन्हेगार, तो दहा वर्षांचा सैल बोर्ड, कुणीच जप्त करत नाही! माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक मजल्यावर अर्थिंगसकट १६ अँपिअरचे दोन-तीन पक्के पॉइंट द्या आणि वायरमनकडून ते दर टर्मला तपासून घ्या. रॉड तिथेच लागेल, रूममध्ये नाही. हा नियम आम्ही पाळू.

मास्तर लोकांनाही एक विनंती. फर्स्ट इयरच्या लॅबमध्ये ऱ्हीओस्टॅटबरोबर एकदा हॉस्टेलचा जुना बोर्डही टेबलावर येऊ द्या. तुमच्या देखरेखीखाली लोड लावून भिंतीपाशी आणि बोर्डापाशी व्होल्टेज मोजू. ८ व्होल्टचा फरक आला आणि करंट ६ अँपिअर असला, तर ४८ वॅट वाटेतच जळाले. हे रीडिंग कुणी कॉपी करणार नाही, कारण तो बोर्ड ज्याच्या त्याच्या उशाशी असतो.

तोवर मित्रांनो, एवढंच करा. प्लग हाताला गरम लागला तर बटण बंद करा आणि तो बोर्ड कचऱ्यात टाका. ओरलच्या मार्कांपेक्षा गादी महाग असते, आणि गादीपेक्षा तिच्यावर झोपणारा.