मोटारीत मोबाइल बसविण्याची जागा व मजबुती नियमाने ठरवून देण्याबाबत निवेदन

प्रति,
माननीय परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई
यांचे सेवेशी

महोदय,

पुणे आणि मुंबई या दोन शहरांच्या दरम्यान प्रवासी मोटारी चालवून चरितार्थ करणारे आम्ही खाली सह्या करणारे चालक-मालक ज्या वस्तूविषयी आपल्याकडे दाद मागण्यास आलो आहो, तिला बाजारात ‘होल्डर’ म्हणतात. आणि दीडदोनशे रुपयांच्या त्या प्लास्टिकच्या चिमट्यापायी आयुक्तांचा वेळ खर्ची घालावा काय, ही शंका आमच्याही मनात येऊन गेली, हे आरंभीच कबूल करतो. परंतु भाडे मिळण्यापासून ते पावती होईपर्यंतचा आमचा सारा व्यवहार ज्या मोबाइलवर चालतो, तो गाडीत कोठे व कशाच्या आधाराने असावा, याचा खुलासा करणारा मजकूर आम्हांस कोणत्याही कचेरीत कोणी दाखविलेला नाही. आणि त्याअभावी आमचा दंड व प्रवाशांचा जीव, या दोन्ही गोष्टी केवळ दैवाधीन झाल्या आहेत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने वाहन चालविताना हाती धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर हा कलम १८४ खालील धोकादायक चालविण्याच्या व्याख्येत आला, आणि पहिल्याच गुन्ह्यास एक हजार ते पाच हजार रुपये दंड अथवा सहा महिने ते एक वर्ष कैद अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यास लागू झाली. पुढे ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत अशी तरतूद अंमलात आली की, चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने, केवळ मार्ग पाहण्यापुरता हा वापर करता येईल. तरतूद शहाणपणाची आहे आणि तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘अशा रीतीने’ या दोन शब्दांविषयी, कारण ती रीत कोणती हे पुढे सांगितलेले नाही. टॅक्सीचे मीटर तपासले जाते, त्याला सील लागते, सील तुटले तर जाब द्यावा लागतो; त्या मीटरचे निम्मे काम आता ज्याने उचलले आहे, तो मोबाइल मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीने काचेवर, जाळीवर अथवा मांडीवर!

याचा परिणाम असा की, आमच्यापैकी एकाने काचेच्या खालच्या कोपऱ्यात लावलेला होल्डर पाहून एका शहरातील हवालदाराने ‘काचेवर काही लावायचे नाही’ म्हणून चलान फाडले. त्याने तो काढून एसीच्या जाळीवर बसविला, तर दुसऱ्या शहरात ‘जाळीवर असला तरी बोट लावलेस म्हणजे वापरलास’ असा निवाडा झाला. दोघेही अंमलदार आपापल्या परीने प्रामाणिक असतील. पण एकाच राज्यातील एकाच कायद्याचे दोन अर्थ भरावे लागले ते त्या चालकाच्या खिशाला.

दंडाचे दुःख तरी पैशाचे. गेल्या मे महिन्यात आमच्यातील दुसरा एक चालक मुंबईहून एका वृद्ध दांपत्यास घेऊन बोरघाट चढत होता. गाडी दुपारभर उन्हात उभी होती. काचेवर रबरी वाटीने चिकटविलेला होल्डर तापून सैल पडला होता, हे त्याच्या ध्यानी आले नाही. खंडाळ्याच्या अलीकडील वळणावर होल्डर मोबाइलसकट सुटला, गुडघ्यावर आपटला आणि घरंगळत जाऊन ब्रेकच्या पेडलखाली आडवा बसला. पेडल दाबावे तर ते अर्ध्यावरच अडे. चढ असल्यामुळे वेग आपोआप पडला, हातब्रेक ओढून त्याने गाडी कडेला घेतली आणि कोणासही इजा झाली नाही. वाट सांगणारी बाई तेवढी पायाखालून, जणू काही घडलेच नाही अशा स्वरात, पुढे डावीकडे राहण्यास सांगत होती. हाच प्रसंग उतारावर घडता, तर हे निवेदन लिहिण्याचा प्रसंग आमच्यावर वेगळ्या कारणाने आला असता.

या रबरी वाटीचा स्वभाव आम्ही अनुभवाने शिकलो आहो. ती काचेस चिकटते ती रबराच्या गुणाने नव्हे. आतील हवा लोटून दिली की बाहेरच्या वातावरणाचा, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो एवढा दाब तिला काचेवर रेटून धरतो, आणि निर्वात पुरा साधला तर ६ सेंटिमीटर व्यासाच्या वाटीवर हा भार पंचवीस किलोंच्या वर जातो. परंतु धुळीचा एक कण, तेलकट बोटाचा एक ठसा अथवा उन्हाने कडक झालेली कड एवढ्याने हवा आत शिरते, आणि पंचवीस किलोंचा आधार क्षणात शून्यावर येतो. डॅशबोर्डाच्या खरखरीत पृष्ठभागावर तर ती धरतच नाही. दुहेरी चिकटपट्टीचे होल्डर अधिक भरवशाचे. मात्र जागा स्पिरिटने पुसून, पट्टी दाबून, पुरती पकड येण्यास सुमारे ७२ तास जाऊ द्यावे लागतात, आणि आमचा धंदा असा की होल्डर घेतला त्याच तासाला त्यावर मोबाइल अडकवून स्टेशन गाठावयाचे! एसीच्या जाळीवरील होल्डरांत स्प्रिंगचा चिमटा खड्ड्यांत निसटतो. पात्यामागे आकडा घालून मळसूत्राने आवळावयाचा जो प्रकार आहे, तो टिकतो, आणि वर थंड वाऱ्याने मोबाइलही तापत नाही. गोल जाळीच्या गाड्यांना मात्र त्याचा उपयोग नाही.

मजबुतीइतकाच प्रश्न जागेचा. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर, नजरेच्या रेषेतच, १६ सेंटिमीटर लांबीचा मोबाइल आडवा बसविला तर साध्या त्रैराशिकाने असे निघते की, दोन्ही डोळे उघडे असूनही २० मीटरवरील सुमारे तीन मीटर रुंदीचा देखावा त्याच्याआड जातो, म्हणजे रस्ता ओलांडणारी अख्खी रिक्षा दिसेनाशी होते. तोच मोबाइल उभा लावला तर आड जाणारी रुंदी अर्ध्या मीटरच्याही आत राहते. दुसरी बाब एअरबॅगची. चालकापुढची एअरबॅग सुकाणूच्या चक्रातून व शेजारच्या आसनापुढची डॅशबोर्डाच्या माथ्यातून सेकंदाच्या सुमारे तिसाव्या हिश्शात उघडते. तिच्या झाकणावर कोणी होल्डर चिकटविला असेल, तर जिने जीव वाचवावयाचा तीच तो होल्डर गोळ्यासारखा प्रवाशाच्या तोंडावर फेकणार. हे दुकानदार सांगत नाही, आणि डब्यावरही छापलेले आम्ही पाहिले नाही.

सबब आमची मुख्य विनंती अशी की, आपल्या सहीने एक परिपत्रक निघावे, त्यात नजरेच्या रेषेखालील व एअरबॅगच्या वाटेबाहेरील मान्य जागा आकृतीसह दाखवाव्यात, आणि ते सर्व प्रादेशिक परिवहन कार्यालयांप्रमाणे वाहतूक पोलिसांच्या हातीही पोहोचावे. हे काही अशक्य नव्हे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने काचेच्या चालकाकडील खालच्या कोपऱ्यात पाच इंचांचा व पलीकडील कोपऱ्यात सात इंचांचा चौरस आखून दिला आहे, आणि हाताचा वापर एका स्पर्शापुरता मान्य केला आहे. आमच्या गाड्यांचे चक्र उजवीकडे आणि आमचे रस्ते आमच्या तऱ्हेचे. तेव्हा मापे तीच असावीत असा आग्रह नाही, पण मापे असावीत.

पासिंगच्या वेळी मोटार वाहन निरीक्षकाने दिवे व ब्रेक पाहतो तसा होल्डरलाही हाताने एक हिसका देऊन पाहावा. त्यासाठी नवी फी मात्र बसवू नये, ही हात जोडून विनंती. बाजारातील मालास दर्जा ठरावा म्हणून पुण्यातच वेताळ टेकडीच्या परिसरात असलेल्या एआरएआय या संशोधन-संस्थेकडून उष्णता, धक्का व कंप यांच्या कसोट्या आखून घेण्याची शिफारस आपण केंद्र शासनाकडे करावी. चलान ई-पद्धतीने होते, तर मोबाइल हातात होता की होल्डरमध्ये, हे दाखविणारे छायाचित्र त्यास जोडण्याचाही हुकूम व्हावा.

एक गोष्ट आमच्याविरुद्ध जाणारी असूनही सांगतो. भाडे पुरविणाऱ्या कंपन्यांची नवी वर्दी गाडी चालू असतानाच पडद्यावर झळकते आणि ती काही सेकंदांत बोटाने स्वीकारावी लागते. न स्वीकारावी तर त्या दिवसाची कमाई जाते. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर पुढे जाते, आणि तेवढे अंतर आम्ही कित्येकदा रस्त्याकडे न पाहता तोडतो, हे नाकारता येत नाही. होल्डर कितीही मजबूत असला तरी हा दोष त्याने जाणार नाही. म्हणून गाडी थांबल्यावाचून वर्दी पडद्यावर येऊच नये, असे बंधन कंपन्यांवर घालण्याचा विचार परवाने देताना व्हावा.

फोनवर बोलण्याची सवलत आम्ही मागत नाही. वरील मुद्द्यांवर समक्ष म्हणणे मांडण्यास आम्हांपैकी तिघांना वेळ द्यावी; येताना आम्ही वापरात मोडलेले होल्डर एका पिशवीत घालून सोबत आणू.



आपले नम्र,
खाली सह्या करणारे चालक-मालक