शेवटच्या शेजाऱ्यापर्यंत

२०१८ मध्ये लोकल नवी मुंबईतल्या खारकोपरपर्यंत आली आणि सिडकोने आखलेल्या उलव्यात एकमेकांना अनोळखी माणसं राहायला येत गेली. अनोळखी माणसांत ओळखींतून विणल्या जाणाऱ्या जाळ्यांचं गणित गणितज्ञ पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेन्यी यांनी १९६० मध्ये मांडलं. दहा हजार माणसांत ओळखी निव्वळ योगायोगाने जुळल्या, तर माणशी सरासरी एक ओळख ओलांडताच विखुरलेल्या घोळक्यांतून एक प्रचंड समूह उभा राहतो. पण शेवटचा एकटा माणूसही जोडला जायला ही सरासरी नऊच्या वर जावी लागते. मला हा दुसरा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. कारण उलव्यात पाणी कधी येणार हे बहुतेकांना कळतं, नव्याने आलेल्या भाडेकरू आजींना नाही. खऱ्या ओळखी तर गाव, भाषा, जात पाहून जुळतात. तिथे बातमीसोबत गैरसमजही त्याच वाटांनी पसरून पक्का होतो. मोठ्या जाळ्यांत माणसं एकमेकांकडून कशी शिकतात, यावरच हा अंक आहे.