दुसऱ्या नंबरची डोंबिवली

विधानसभेच्या निकालाच्या सकाळी डोंबिवलीत फारसं कुणी टीव्हीसमोर ठाण मांडून बसत नाही. पहिला कोण, हे मतदानाआधीच ठाऊक असतं. २००८च्या पुनर्रचनेत डोंबिवलीला स्वतःचा मतदारसंघ मिळाला, क्रमांक १४३. तेव्हापासून २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ या चारही निवडणुका भाजपच्या रवींद्र चव्हाणांनी जिंकल्या. मताधिक्य पहिल्यांदा १२ हजारांवर, मग ४६, मग ४१ आणि शेवटी थेट ७७ हजारांवर. त्याआधी डोंबिवली कल्याण मतदारसंघात होती, तेव्हाही चित्र फार निराळं नव्हतं. १९७८ पासून प्रा. राम कापसे, त्यांच्यामागून जगन्नाथ पाटील. संघाच्या शाखा, गणेश मंदिर, पाडव्याची शोभायात्रा, सकाळी कामाला निघालेला पांढरपेशा मध्यमवर्ग. पक्षाने हे गाव जिंकलं म्हणण्यापेक्षा पक्ष या गावातच लहानाचा मोठा झाला.

म्हणून मला पहिल्यापेक्षा दुसऱ्या नंबरात जास्त रस. २००९ मध्ये दुसरे होते मनसेचे राजेश कदम. राज ठाकरेंच्या सभांचा तो काळ. शेजारच्या कल्याण पश्चिम आणि कल्याण ग्रामीणमध्ये मनसेचं इंजिन धावलं, डोंबिवलीत मात्र थोडक्यात अडलं. २०१४ मध्ये युती तुटली आणि शिवसेनेचे दीपेश म्हात्रे दुसरे आले. २०१९ मध्ये पुन्हा मनसे, मंदार हळबे. २०२४ मध्ये पुन्हा म्हात्रे, या वेळी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेची मशाल घेऊन. काँग्रेस किंवा राष्ट्रवादी चारांपैकी एकदाही दुसरीसुद्धा नाही. म्हणजे भांडण कायम घरातलंच. भाजपवर रुसलेल्या डोंबिवलीकराला जायला जागा एकच, ठाकरे आडनावाचं कुठलं तरी दार. इथे भाजपविरोधी मत नसतं, भाजपवर चिडलेलं मत असतं, असं माझं मत आहे. हा फरक मुंबईच्या वाहिन्यांना शेवटपर्यंत कळत नाही.

चिडायला कारणं भरपूर. खड्डे, स्टेशनबाहेरचे फेरीवाले, दोन वर्षं बंद राहिलेला कोपर पूल. २०१८ मध्ये तर खुद्द नितीन गडकरींनी डोंबिवली घाणेरडं शहर असल्याचं जाहीर बोलून दाखवलं. आठवडाभर गावात त्याचीच चर्चा. पुढच्याच वर्षी ४१ हजारांचं मताधिक्य! डोंबिवलीकर कचऱ्याचा राग महापालिकेवर काढतो, तोही चहाच्या टपरीवर, आणि विधानसभेला जुन्या सवयीने बटण दाबून येतो. दाबतो म्हणजे, गेला तर.

कारण २०१९ मध्ये मतदान जेमतेम चाळीस टक्क्यांच्या आसपास झालं. मतदान सोमवारी, त्याआधी शनिवार-रविवार. निम्मं गाव कोकणात नाहीतर लोणावळ्यात. केंद्रावर सात वाजता रांग लावणारे सगळे निवृत्त काका. हातात चिठ्ठी, खिशात चष्म्याचं घर, आणि नाव यादीत सापडलं नाही की टेबलावरच्या कार्यकर्त्याशी तावातावाने वाद. ‘गेल्या वेळी होतं हो, याच खोलीत होतं!’ त्यांच्यात अधूनमधून एमआयडीसीत राहणारा एखादा चुकून येतो. पत्ता डोंबिवली, लोकलचा पास डोंबिवलीचा, मत मात्र कल्याण ग्रामीणमध्ये. २०२४च्या मे महिन्यात लोकसभेचं मतदान आटोपून तीनच दिवस झाले होते, आणि त्याच एमआयडीसीत रिअॅक्टर फुटून अख्ख्या डोंबिवलीच्या काचा हादरल्या. २०१६ मध्येही तिथे असाच भीषण स्फोट झाला होता. पण विधानसभेच्या नकाशावर तो प्रश्न शेजाऱ्यांचा. तिथल्या मतदारांनी २०१९ मध्ये मनसेचे राजू पाटील निवडून दिले, राज्यातले त्या पक्षाचे एकमेव आमदार. पाच वर्षांनी त्यांनाही घरी बसवलं. पटरीच्या त्याच बाजूचे लोक, तेच भाजीवाले, पण मतपेटीचा स्वभाव दुसराच.

आमच्याकडच्या नाराज मंडळींचा एक लाडका सिद्धांत होता. घरी बसणारे बाहेर पडू देत, मग बघा. शहरी मतदार सुट्टी जोडून पळतो म्हणून निवडणूक आयोगाने २०२४ मध्ये मुद्दाम बुधवार धरला. (२०१४ मध्येही बुधवारच होता, पण असो.) टक्का चांगलाच वाढला. घरी बसणारे खरोखर बाहेर पडले, आणि मताधिक्य ४१ हजारांवरून ७७ हजारांवर गेलं. सिद्धांत मांडणारे तेव्हापासून दुसऱ्या विषयांवर बोलतात.

आणि दुसऱ्या नंबरवाल्यांचं पुढे काय झालं? कदम २०२१ मध्ये शिवसेनेत गेले. त्याच सुमारास हळबे भाजपमध्ये. म्हात्रेही २०२५ मध्ये भाजपमध्येच. त्याच वर्षी चव्हाण भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. ज्यांना मत देऊन लोकांनी राग काढला, ते तिघेही पक्ष बदलून मोकळे झाले, त्यातले दोघे तर ज्याच्यावर राग होता त्याच घरात. राग काढणारे मात्र अजून त्याच टपरीवर उभे आहेत, आणि पुढच्या वेळी कुणाच्या नावाने काढायचा यावर त्यांचं एकमत होत नाही.